सात तासांची डिस्क

१

"ताई, माझ्या हातून त्रेचाळीस माणसं मरणार आहेत."

गुरुवारी सकाळी सव्वाआठला फोनवर बारक्याचं हे पहिलं वाक्य. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय चौतीस, उंची सहा फूट, पण भावंडांत शेवटचा म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच. हॉस्पिटलं, कारखाने, कचेऱ्या यांच्याकडे सर्व्हर बसवून देणं हा त्याचा धंदा. माझा धंदा त्याच्या पुढचा. डिस्क बिघडली, पुसली गेली, आगीत भाजली की लोक माझ्याकडे येतात आणि त्यांची हरवलेली माहिती मी परत काढून देते. आई म्हणायची, एकानं मांडायचं आणि एकीनं सांडलेलं गोळा करायचं, असा आमचा संसार.

"नीट सांग. कोण मरणार आहे?"

त्याला नीट सांगता येईना. श्वास लागत होता. तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं.

कॅन्सरच्या हॉस्पिटलात रेडिएशनच्या विभागात एकच सर्व्हर. कोणाच्या कुठल्या गाठीवर, कुठल्या कोनातून, किती किरण सोडायचे याचे प्लॅन त्यातल्या एका मोठ्या डिस्कवर होते. चालू उपचारातले पेशंट त्रेचाळीस. बारक्यानं बुधवारी त्या सर्व्हरवर हायपरव्हायझर बसवला. हा असा प्रोग्राम असतो की तो थेट यंत्राच्या लोखंडावरच बसतो, खाली दुसरं काही लागत नाही, आणि मग एका यंत्राच्या पोटात तीन-चार वेगळी यंत्रं चालवता येतात. तो बसवायचा होता नव्या छोट्या डिस्कवर. मोठ्या डिस्कला हातही लावायचा नव्हता.

"मी छोटीच निवडली होती, ताई. शपथेवर सांगतो. पण सगळं झाल्यावर पाहिलं तर मोठी कोरी. एक फाईल नाही."

"आणि बॅकअप?"

"दर शनिवारचा होता. काल दुपारी उघडला. सहा महिने रिकामा फोल्डर कॉपी होत होता."

मी खुर्चीत बसले.

"माझ्याकडून लिहून घेतलंय, चूक माझी म्हणून," तो म्हणाला. "आणि ताई, मलाच आता खात्री वाटत नाही. निवडली असेन का मी मोठी?"

२

विभाग तळघरात होता. जाड भिंती, खिडकी नाही, जमिनीवर पिवळे बाण. बाकांवर माणसं बसून होती. रोजच्यासारखी वेळेवर आलेली, आणि कोणी त्यांना आत घेत नव्हतं. एका बाईनं डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. एक म्हातारे गृहस्थ नोंदणीच्या खिडकीवर जाऊन विचारत होते, "आज तरी होईल ना हो?" आणि खिडकीतली बाई खाली बघत होती.

विभागप्रमुख डॉक्टरीणबाईंना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. त्यांच्या टेबलावर एक यादी होती, आणि त्यांच्या डोळ्यांखाली न झोपलेली रात्र.

"तुम्ही आरोपीच्या बहीण," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला डिस्क हातात का द्यावी?"

"कारण इथून सहा तासांच्या आत हे काम करणारं दुसरं कोणी नाही. माणूस समोर बसवा. मी काय करते ते त्याला बघू दे."

त्यांनी यादी माझ्याकडे सरकवली. "नवे प्लॅन करायला तीन आठवडे लागतील. उपचार मध्येच तुटला की गाठ पुन्हा वाढायला लागते. दुसऱ्या हॉस्पिटलांनी मिळून नऊ पेशंट घ्यायचं कबूल केलंय. नऊ. त्रेचाळीसातले नऊ मला चार वाजेपर्यंत निवडायचेत." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "चार वाजताच तुमच्या भावाविरुद्ध तक्रारही जाईल. राग धरू नका."

राग धरायला वेळ कुठे होता?

सर्व्हरची खोली म्हणजे जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी. तिथे माझ्यावर लक्ष ठेवायला सिस्टिमकाका आले. हॉस्पिटलातले सगळे संगणक त्यांच्या गळ्यात. साठीला टेकलेले, खिशात तीन पेनं, आणि प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायची सवय. दाराशी बारक्या उभा होता. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच.

मोठी डिस्क ट्रेमध्ये होती. ट्रेच्या तोंडावर जुनी पिवळी पडलेली पट्टी: "डेटा". पुढची कडी ओढली की ट्रे बाहेर येतो. मी ती माझ्या पेटीला जोडली. या पेटीतून डिस्क फक्त वाचता येते, तिच्यावर काही लिहिलं जात नाही.

पुसलेल्या डिस्कवरही खुणा उरतात. वरची पानं फाडली तरी खालच्या कागदावर दाब उमटतो, तसं काहीसं. मी वाचत गेले. पहिला भाग, मधला भाग, शेवटचा भाग. हायपरव्हायझरनं आखलेल्या चार रेघा, आणि बाकी शून्य. नुसतं शून्य. जुनं असं काही नाहीच.

"गेलं ना?" बारक्या दारातून म्हणाला.

एक गोष्ट बघायची राहिली होती. प्रत्येक डिस्कच्या पोटात एक मीटर असतो. ती जन्मापासून किती तास चालली हे ती स्वतःच मोजत असते, आणि तो आकडा हॉस्पिटलातल्या कोणाला मागे फिरवता येण्यासारखा नसतो. मी तो आकडा उघडला. डोळे चोळले. पुन्हा उघडला.

"काका, ही डिस्क कधी बसवली होती?"

"अं... चार वर्षं झाली. एकदाही बंद नाही."

"म्हणजे पस्तीस हजार तास. मग या डिस्कचं वय सात तास कसं?"

३

सिस्टिमकाका भिंतीला टेकले. बारक्याला अजून उमगलं नव्हतं.

"ही ती डिस्क नव्हेच," मी म्हणाले. "पुसलेली नाही, बदललेली आहे. ट्रे जुना, पट्टी जुनी, आतला माल नवा. खरी डिस्क कुठेतरी शाबूत असेल."

बारक्या खाली बसला, तिथेच जमिनीवर, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. लहानपणी पडला की असाच रडायचा, आवाज न करता. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण घेतलं नाही. कारण "असेल" म्हटलं होतं, "आहे" म्हटलं नव्हतं. आणि सव्वाअकरा वाजले होते.

"उठ. काल कधी काय झालं ते सांग. तास मोजायचेत."

बुधवारी नऊ वाजता काकांनी सर्व्हर बंद केला. त्यात जादा मेमरी टाकायची होती, ती आणायला ते भांडारात गेले. दहा पन्नासला बारक्या आला. गेटवरच्या वहीत वेळ आहे, आणि पहारेकरी त्याला थेट काकांपर्यंत सोडून गेला. दोघांनी मेमरी बसवली, अकरा वाजता सर्व्हर चालू केला. साडेअकराला हायपरव्हायझर बसवायला घेतला. सव्वाबाराला डिस्क कोरी दिसली, बोंबाबोंब झाली. संध्याकाळी सहाला सर्व्हर बंद करून खोलीला कुलूप लावलं.

अकरा ते सहा. सात तास.

"म्हणजे अकराला तू सर्व्हर चालू केलास तेव्हा ही नवी डिस्क आधीच आत होती," मी बारक्याला म्हणाले. "बदल झाला तो नऊ ते पावणेअकराच्या मध्ये. तू तेव्हा बसमध्ये होतास. काका, तुम्ही कुठे होतात?"

"भांडारात. रांगेत. विचारा त्यांना." ते फटकन म्हणाले, घसा न खाकरता.

"ताई," बारक्या खिशातून फोन काढत म्हणाला, "मी प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढतो. सवय आहे." त्यानं मला फोटो दाखवला. हायपरव्हायझर विचारतो, कुठल्या डिस्कवर बसू? खाली दोन ओळी. निळी पट्टी छोट्या डिस्कवरच होती. त्यानं बरोबर निवडलं होतं.

पण मी फोटो मोठा केला. "बारक्या, ज्या डिस्कवर आधीचं काही असतं तिच्या नावापुढे हा प्रोग्राम चांदणी काढतो. मोठ्या डिस्कपुढे चांदणी आहे का?"

तो बघत राहिला. चांदणी नव्हती.

"भरलेल्या डिस्कला तो विचारल्याशिवाय हात लावत नाही. कोरी दिसली की आपलीच समजून आखून घेतो. म्हणून सगळ्यांना वाटलं की यानंच पुसली. तू त्याच क्षणी थांबला असतास, तर काल साडेअकरालाच कळलं असतं."

"मी माझ्यापुरतीच ओळ वाचली," तो पुटपुटला.

त्याच्यावरचा मोठा आरोप गेला होता. छोटा तसाच राहिला, आणि तो मीच ठेवला.

मी काकांकडे वळले. "ही नवी डिस्क जुनीच्याच जातीची आहे. अशी डिस्क बाजारात सहज मिळत नाही. ती तुमच्याकडे होती ना?"

"नव्हती."

"काका."

"नव्हती म्हणतो ना!"

त्यांच्या मागच्या लोखंडी कपाटाचं दार मी उघडलं. खालच्या कप्प्यात रिकामं खोकं होतं, आणि त्यावर डिस्कचं चित्र.

४

काका कपाटाशेजारच्या स्टुलावर बसले तेव्हा एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले.

"आधी दोन डिस्क होत्या," ते म्हणाले. "एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच लिहिलं जायचं. महिन्यापूर्वी त्यातली एक मेली. मी दुसरी मागवली, ती आलीही. तीन आठवडे या कपाटात पडून होती. आज बसवू, उद्या बसवू... काल सकाळी खोकं भरलेलं होतं, दुपारी रिकामं. मला तेव्हाच धस्स झालं."

"आणि तुम्ही गप्प बसलात? हा इथे चूक कबूल करून सही करत असताना?"

"काय सांगणार होतो? 'साहेब, सुटी डिस्क चोरीला गेली'? लगेच विचारलं असतं, ती तीन आठवडे सुटी का होती." त्यांनी रिकामं खोकं कप्प्यात आत ढकललं. "बॅकअपचंही तेच. दर शनिवारी हिरवी खूण यायची. मी खूण बघायचो, आतलं कधी उघडलं नाही. माझी निवृत्ती दोन महिन्यांवर आहे, पोरी."

बारक्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"खोलीची किल्ली कोणाकोणाकडे?"

"माझ्याकडे, मोठ्या मॅडमकडे आणि फिजिक्ससरांकडे."

"डिस्क आलीय हे कोणाला माहीत होतं?"

"मॅडमना डिस्क आणि पाटी यांतला फरक कळत नाही. सर मात्र रोज मागे लागायचे. 'काका, ती बसवा, एकीवर भरवसा ठेवू नका.' इतके काळजीचे. काल बॅकअप रिकामा निघाला तेव्हा त्यांना तर उलटी झाली, बेसिनपर्यंतही पोचले नाहीत."

फिजिक्ससर म्हणजे विभागातले भौतिकशास्त्रज्ञ. डॉक्टर सांगतात गाठीला काय द्यायचं, आणि सर गणित करून यंत्राला सांगतात कसं द्यायचं. प्रत्येक प्लॅनवर त्यांची सही.

मी पाच मिनिटं मागितली आणि बाहेर बाकावर येऊन बसले. डोकं फुटायची वेळ आली होती. एक गोष्ट जुळत नव्हती. ज्याला ती माहिती नष्टच करायची होती, त्यानं डिस्क बदलायची कशाला? होती तीच पुसली असती. बदलणाऱ्याला ती माहिती नाहीशी दिसायला हवी होती, पण मरायला नको होती. असा माणूस कोण? ज्याला वाटत होतं की शनिवारचा बॅकअप आहे, तो चढवतील, तीन-चार दिवस मागे जातील आणि काम सुरू होईल. ज्याला शनिवारनंतरचं काहीतरी पुसून हवं होतं.

पण काय? आणि कोणाचं? त्रेचाळीसांपैकी कोणाचं?

साडेबारा वाजले. नोंदणीच्या खिडकीशी भांडण चाललं होतं.

"अहो, पण फोन तुमच्याकडूनच आला!" एक पिकल्या मिशांचे गृहस्थ म्हणत होते. "माझी बायको शाळेत भूगोल शिकवते, तिचं रोजचं सिटिंग चुकत नाही. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता फोन आला, बुधवार-गुरुवार येऊ नका, थेट शुक्रवारी या, मशीन बंद राहणार आहे. ती म्हणाली, तुम्ही जाऊन विचारून तर या."

"मी नाही केला फोन," नोंदणीवाली बाई वैतागून म्हणाली. "बुधवारी फक्त दुपारपर्यंत बंद होतं. बेचाळीस जणांना मी स्वतः सांगितलं, सकाळऐवजी दुपारी या म्हणून. तुमचं नाव माझ्या यादीतून आधीच खोडलेलं होतं!"

मी उठून उभी राहिले.

सर्व्हर बुधवारी बिघडला. मग तो दोन दिवस बंद राहणार हे मंगळवारी संध्याकाळी कोणाला माहीत होतं?

"काका," मी त्या गृहस्थांना विचारलं, "फोनवर आवाज कोणाचा होता?"

"पुरुषाचा. अगदी हळू बोलत होते. दोनदा विचारलं, बाईंना नीट दिसतंय ना?"

५

बाईंच्या डोळ्यांची चौकशी करण्याइतका त्यांचा प्लॅन ठाऊक असलेला आणि खोलीची किल्ली जवळ असलेला पुरुष एकच. पण फिजिक्ससर त्यांच्या खोलीत नव्हते. यंत्राच्या खोलीत नव्हते. सकाळी आले होते, गेटवरून बाहेर गेले नव्हते. बारक्या जिन्याकडे धावला, काका वरच्या मजल्यावर. मला नको ते दिसायला लागलं होतं. उलटी होईपर्यंत घाबरलेला माणूस एकटा कुठे जातो?

ते मास्कच्या खोलीत सापडले. डोक्याच्या आणि गळ्याच्या पेशंटना सिटिंगच्या वेळी चेहरा हलू नये म्हणून जाळीदार प्लॅस्टिकचा मास्क घालतात, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर गरम करून बसवलेला. भिंतीवर खुंट्यांना ते रांगेनं लटकत होते. नाकं, हनुवट्या, मिटलेले डोळे. त्यांच्याखाली सर जमिनीवर बसले होते, मांडीवर चामडी बॅग. चाळिशीतला, काटकुळा, चष्मेवाला माणूस.

मी दार लोटलं आणि त्यांच्या समोर खाली बसले.

"भूगोलाच्या बाईंना किती जास्त गेलं?" मी विचारलं.

त्यांनी दचकून पाहिलं नाही. उलट जणू बराच वेळ कोणीतरी हे विचारावं म्हणून थांबलेले होते.

"जवळजवळ दुप्पट. दोन वेळा." आवाज कोरडा होता. "गाठ डोळ्याच्या मागे आहे. ती लहान झाली म्हणून नवा प्लॅन केला, सोमवारी सकाळी चढवला. तीस सिटिंगच्या पेशंटला दहा सिटिंगवाल्याचा डोस लावला मी. एक आकडा. एक. मंगळवारी संध्याकाळी सहज चाळताना दिसलं."

"आणि मॅडमना सांगितलं नाहीत."

"जिना चढलो होतो. त्यांच्या दारापर्यंत गेलो. दोनदा." ते थांबले. "बुधवारी सर्व्हरचं काम होतं. मला वाटलं, डिस्क गेली असं दिसलं की शनिवारचा बॅकअप चढवतील. सोमवारचा प्लॅन नसल्यासारखा होईल. पुढचे डोस मी हळूच कमी करून हिशोब जुळवीन. बाकी कोणाचं काही बिघडणार नव्हतं. फार तर एक दिवस."

"आणि बॅकअप रिकामा निघाला."

त्यांनी डोळे मिटले. "तेव्हापासून मी परत ठेवायला निघतोय. परत ठेवली तर विचारतील, काढली कोणी. नाही ठेवली तर..." त्यांनी वर भिंतीकडे हात केला. "यांतले निम्मे दिवाळीपर्यंतही... नाही. मला शब्दही सुचत नाहीत. मी त्यांना मारतोय. रोज सकाळी माझ्याशी हसून बोलतात ते."

मला त्यांची दया येत होती, आणि त्याचाच मला राग आला.

"माझ्या भावाकडून कबुलीचा कागद लिहून घेतला," मी म्हणाले. "त्याच्याखाली साक्षीदाराची सही कोणाची आहे, सर?"

"माझी," म्हणत त्यांनी बॅग उघडली. टॉवेलमध्ये गुंडाळलेली डिस्क माझ्या हातात दिली.

"चालेल ना ती?" त्यांनी विचारलं. "काल बॅग माझ्या हातून जिन्यात पडली."

६

पावणेदोन.

पडलेली डिस्क आणि भाजलेली डिस्क यांत मला भाजलेली परवडते. मी ती पेटीला जोडली. कानाशी धरली. फिरायला लागली, अडखळली, बारीक टिक आला. बारक्यानं माझा दंड घट्ट धरला. मीटर उघडला: पस्तीस हजार एकशे बारा तास. डिस्क खरी होती. पण वाचता वाचता तिनं तिसऱ्या मिनिटाला मान टाकली.

मी ती बंद केली. थंड होऊ दिली. पुन्हा जोडली, आणि सरळ पुढून न वाचता आधी फक्त प्लॅनचा भाग मागितला, अगदी हळू, जिथे अडखळेल ती जागा सोडून पुढे. मागे काका देवासमोर उभं राहावं तसे हात जोडून उभे होते. त्रेचाळीस फोल्डर. एक आला. चार आले. अकराव्याला टिक, टिक, टिक. पुन्हा बंद, पुन्हा थंड. अडीच झाले. तीन झाले.

तीन पस्तीसला त्रेचाळिसावा आला.

बारक्यानं ती प्रत लगेच नव्या डिस्कवर घातली आणि हायपरव्हायझरच्या पोटातल्या यंत्राला जोडली. यावेळी त्यानं स्क्रीनवरची प्रत्येक ओळ मोठ्यांदा वाचली, पहिलीतलं पोर वाचतं तशी, आणि काका प्रत्येक ओळीला "बरोबर" म्हणत गेले. चारला पाच कमी असताना नियोजनाच्या पडद्यावर नावं उमटली.

मी वर गेले. सर मोठ्या मॅडमसमोर उभे होते, त्यांचं सगळं सांगून झालं होतं. मॅडमच्या यादीत सात नावांवर खूण होती. त्यांनी ती यादी चार तुकडे होईपर्यंत फाडली आणि मग टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"भूगोलाच्या बाईंना आत्ता बोलवा," त्या म्हणाल्या. "सूज उतरवायची औषधं आजच सुरू व्हायला हवीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही बोलवा." मग सरांकडे न बघता: "प्रत वाटेत खराब झाली नाही ना, हे प्रत्येक प्लॅनवर तपासून सही लागते. ही तपासणीची सही करायचा अधिकार इमारतीत तुमच्याखेरीज कोणालाच नाही. दुसरा माणूस उद्या सकाळी येईल. आज तुम्ही बसायचं. मी शेजारी बसणार, प्रत्येक आकड्याला."

"मॅडम, माझ्यावर..."

"भरवसा नाहीच. म्हणून तर शेजारी बसतेय. माझ्याही सहीनं गेला होता तो सोमवारचा प्लॅन. मी वाचला नव्हता."

बारक्याचा कागद त्यांनी त्याला परत दिला. तो त्यानं खिशात घातला. मी म्हटलं, फाड की. तो म्हणाला, नको, चांदणी मी खरंच पाहिली नव्हती.

साडेचारला पहिला पेशंट आत गेला. रुमालवाली बाई. तिच्यामागे दार बंद झालं आणि दिवा लाल झाला तेव्हा बाकावरच्या माणसांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

भूगोलाच्या बाई साडेपाचला आल्या. ठेंगण्या, ताठ, हातात छत्री. नवऱ्याचा हात धरायला तयार नव्हत्या. मॅडमच्या खोलीत सरांनी उभं राहूनच त्यांना सांगितलं. काही लपवलं नाही, आकडासुद्धा सांगितला. "अजाणता", "दुर्दैवानं" असले शब्द वापरले नाहीत. नवरा अर्ध्यावरच उठला आणि त्यांच्या अंगावर धावला. बारक्यानं त्याला धरलं.

बाई बसून राहिल्या.

"उजव्या डोळ्याला कालपासून अंधुक दिसतंय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला. जाणार का तो?"

"सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "दोन दिवस आधी कळलं असतं तर जास्त खात्रीनं सांगितलं असतं."

बाई सरांकडे वळल्या. "वर्गात मुलाचं उत्तर चुकलं तर मी ओरडत नाही," त्या म्हणाल्या. "पान फाडलं तर मात्र वर्गाबाहेर काढते."

मग त्या मॅडमकडे वळल्या.

"माझा नवा प्लॅन कोण करणार?"

"उद्या येणारे दुसरे सर," मॅडम म्हणाल्या. "पण उरलेल्या सिटिंगचा हिशोब आजच मांडून ठेवावा लागेल, त्यांच्यासाठी. तो यांनाच ठाऊक आहे."

"मग माझ्यासमोर मांडा."

"अहो, तुम्ही आधी औषध घेऊन पडून राहा," नवरा म्हणाला. घाबरला की तो बायकोला अहो-जाहो करत असावा.

"पडून काय करू? छत बघू?" त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली, पर्समधून चष्मा काढून चढवला, आणि उजव्या डोळ्यावर तळहात धरला. "आकडे मी वाचते. तुम्ही कागदावर लिहा. न समजलेल्या आकड्याला मी पुढे जाऊ देणार नाही."

सरांनी कोरा कागद घेतला. पेन उघडलं.

"पहिला," बाई म्हणाल्या, आणि वाचायला लागल्या.